आवडता खेळाडू जखमी असताना टेनिस कसं बघता?

पहाटवारा

टेनिसवरचे जुने धागे चाळले, पण नेमकं हे कुठे सापडलं नाही, म्हणून नवा धागा काढते आहे.

१८ ऑक्टोबर २०२५, स्टॉकहोमची उपांत्य फेरी. माझा आवडता होल्गर रूने विरुद्ध उगो उंबेर. पहिला सेट होल्गरने ६-४ घेतला होता, दुसऱ्यात २-२ चालू होतं. सगळं नेहमीसारखं. मग एक पाऊल पडलं आणि पुढचं पडलंच नाही. एरवी प्रत्येक पॉइंटनंतर स्वतःशी नाहीतर बॉक्समध्ये बसलेल्या आपल्या माणसांशी काहीतरी बोलणारा हा मुलगा. त्याचा चेहरा बघूनच कळलं की हे साधं पाय मुरगळणं नाही. मग बातमी आली: टाचेमागचं अकिलीस टेंडन तुटलंय, शस्त्रक्रिया करावी लागणार.

तेव्हापासून मी एकही सामना धड पाहिलेला नाही. लगेच पुढे पॅरिसची मास्टर्स स्पर्धा आली. २०२२ साली हीच स्पर्धा त्याने १९ व्या वर्षी जिंकली होती, अंतिम फेरीत जोकोविचला हरवून. यंदा दोन वेळा लावली आणि दोन्ही वेळा दहा मिनिटांत बंद केली. बाकीचे सगळे धावतायत, उड्या मारतायत, आणि मला उगाच राग येत होता. त्यांच्यावर राग धरायचं काहीच कारण नाही हे कळत असूनही.

मग २०२२ चा तोच अंतिम सामना पुन्हा लावला. तिसऱ्या सेटमध्ये ६-५ वर होल्गर सर्व्हिस करतोय, जोकोविचला त्या एका गेममध्ये सहा ब्रेकपॉइंट (समोरच्याच्या सर्व्हिसचा गेम जिंकायची संधी) मिळाले आणि सहाही होल्गरने वाचवले. हा गेम मी कितीदा पाहिलाय याची गणती नाही. पण या वेळी लक्षात आलं की मी चेंडू बघतच नाहीये. मी त्याची टाच बघतेय. प्रत्येक सर्व्हिसला.

घरचे म्हणतात दुसरा कुणीतरी शोध, इतके चांगले खेळाडू आहेत. मला ते जमत नाही आणि जमवावंसंही वाटत नाही. ज्यांचा आवडता खेळाडू असा महिनोन्‌महिने बाहेर होता, त्यांनी काय केलं? टेनिस बघत राहिलात का? कसं?

रेषेबाहेर

+१. मी डॉमिनिक थीमची चाहती. एवढंच लिहिते आत्ता. सवडीने येते.

तटस्थ

पहाटवारा, तुमचं दुःख समजतं. पण माझं मत थोडं वेगळं आहे. मी कुणा एका खेळाडूचा चाहता नाही, टेनिसचा आहे. मला चांगला सामना हवा. खेळाडू येतात, जखमी होतात, निवृत्त होतात. खेळ चालू राहतो. खेळावर प्रेम केलं तर असं मोडून पडायची वेळ येत नाही. सल्ला म्हणून नाही, अनुभव म्हणून सांगतोय.

पहाटवारा

तटस्थ, तुमचं म्हणणं पटतं, पण माझ्या बाबतीत ते उलट्या बाजूने घडलंय. मी टेनिसकडून होल्गरकडे गेले नाही, होल्गरमुळे टेनिसकडे आले. ड्रॉप शॉट कधी मारायचा, ब्रेकपॉइंटला सर्व्हिस कुठे टाकायची, मातीवर घसरत फटका कसा घेतात, हे सगळं मी त्याला बघता बघता शिकले. तो मधून काढला की माझ्याकडे खेळाचा धागाच राहत नाही. पुष्कळांना तो आवडत नाही, चिडका वाटतो, हेही मला माहीत आहे. मला त्याचं ते सगळं चेहऱ्यावर दिसणंच आवडतं.

जुनी_रॅकेट

धागा वाचून राहवलं नाही. मोठा प्रतिसाद आहे, सांभाळून घ्या.

मी हुआन मार्टिन देल पोत्रोचा चाहता. होतो म्हणत नाही, अजून आहे. २००९ ची यूएस ओपन. उपांत्य फेरीत नदालला ६-२, ६-२, ६-२, आणि अंतिम फेरीत सलग पाच वर्षं ती स्पर्धा जिंकलेल्या फेडररला पाच सेटमध्ये. वय वर्षं २०. तो फोरहँड ज्यांनी तेव्हा पाहिला त्यांना माहीत आहे, चेंडू रॅकेटवरून सुटायचा तेव्हा आवाजच वेगळा यायचा. मला वाटलं, पुढची दहा वर्षं आपली.

२०१० मध्ये उजव्या मनगटाची शस्त्रक्रिया झाली. तेव्हा मी पहाटवारासारखाच होतो. दुसरं काही बघवत नव्हतं, रोज बातम्या शोधायच्या, कुणी सरावाचा फोटो टाकला तर तो मोठा करून मनगटावर पट्टी आहे का ते बघायचं. तो परत आला, २०१२ च्या ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवलं, २०१३ च्या विम्बल्डनला उपांत्य फेरीत जोकोविचशी पाच सेट खेळला. मला वाटलं, संपला वनवास.

मग डावं मनगट. २०१४ मध्ये एक शस्त्रक्रिया, २०१५ मध्ये आणखी दोन. डावं मनगट म्हणजे दोन हातांच्या बॅकहँडचा नुसता आधार नव्हे, अर्ध्याहून जास्त ताकद तिथून येते. म्हणजे ज्याचा फोरहँड जगात एक नंबर, त्याला चेंडू दुसऱ्या बाजूला टाकला की संपलं.

फेब्रुवारी २०१६. डेलरे बीचची स्पर्धा. क्रमवारीत तो हजाराच्याही बाहेर गेला होता. मी सामना लावला आणि पहिल्या दोन-तीन गेममध्येच पोटात खड्डा पडला. बॅकहँड मारतच नव्हता. एका हाताने स्लाइस करत होता, चेंडू नुसता तरंगत पलीकडे ढकलायचा आणि धावून फोरहँडवर यायचं. मला रडू आलं, खरंच सांगतो. वाटलं हा आपला देल पोत्रो नाही.

हा तोच आहे हे समजायला मला महिनाभर लागला. तो स्लाइस हळूहळू खाली राहायला लागला, खोल पडायला लागला, समोरच्याला वाकायला लावायला लागला. मी आधी कधी स्लाइसकडे लक्षच दिलं नव्हतं. आता दर सामन्यात मोजायचो: आज दोन हातांनी किती मारले? चार. पुढच्या सामन्यात सात. त्या वर्षी विम्बल्डनला त्याने वावरिंकाला हरवलं. रिओ ऑलिंपिकमध्ये पहिल्याच फेरीत जोकोविचला दोन टायब्रेकमध्ये (सेट ६-६ झाल्यावरचा निर्णायक गेम), मग उपांत्य फेरीत नदालला. अंतिम फेरीत मरेकडून हरला, रौप्य मिळालं. आणि वर्षाच्या शेवटी झाग्रेबला डेव्हिस कपच्या अंतिम लढतीत चिलिचविरुद्ध दोन सेटने मागे असताना तो जिंकला, अर्जेंटिनाला त्यांचा पहिला डेव्हिस कप मिळाला.

२००९ च्या विजेतेपदापेक्षा मला २०१६ जवळचं वाटतं. ते वर्ष मी कमावलं होतं असं वाटायचं, खेळत तो होता तरी.

आता पुढचंही सांगायला हवं, नाहीतर अर्धवट होईल. २०१८ मध्ये इंडियन वेल्सला फेडररविरुद्ध तीन मॅचपॉइंट वाचवून जिंकला, ऑगस्टमध्ये क्रमवारीत तिसरा झाला, यूएस ओपनच्या अंतिम फेरीत गेला. ऑक्टोबरमध्ये शांघायला गुडघ्याची वाटी मोडली. २०१९ च्या जूनमध्ये क्वीन्सच्या गवतावर घसरला, तीच वाटी पुन्हा. मग शस्त्रक्रियेमागून शस्त्रक्रिया. फेब्रुवारी २०२२ मध्ये बुएनोस आइरेसला, आपल्या माणसांसमोर, डेलबोनिसविरुद्ध ६-१, ६-३ असा हरला. शेवटच्या गेममध्ये सर्व्हिस करताना डोळे पुसत होता. सामना संपल्यावर डोक्याची पट्टी काढली आणि नेटवर अडकवली.

मी पूर्ण सामना पाहिला. निकाल काय लागणार हे पहिल्या पाच मिनिटांत कळलं होतं. तरी उठलो नाही.

दुहेरी

जुनी_रॅकेट दादा, काय लिहिलंय. ती नेटवरची पट्टी डोळ्यांसमोर आली.

स्नायुबंध

मी फिजिओथेरपिस्ट आहे. होल्गरच्या केसबद्दल मला आतली काहीच माहिती नाही आणि दुरून निदान करणं बरोबर नाही, पण या दुखापतीत साधारण काय होतं ते सांगते. बघणाऱ्याची भीती थोडी कमी होते असा माझा अनुभव आहे.

अकिलीस टेंडन पोटरीच्या स्नायूंना टाचेच्या हाडाशी जोडतं. शरीरातलं सगळ्यात जाड आणि मजबूत टेंडन. ते तुटतं तेव्हा बहुतेक जण मागे वळून बघतात, कारण मागून कुणीतरी लाथ मारली असं वाटतं. तुम्ही लिहिलंय की एक पाऊल पडलं आणि पुढचं पडलंच नाही. अगदी तसंच असतं. पोटरी आकुंचन पावते, पण ती ओढ टाचेपर्यंत पोचतच नाही.

शिवल्यानंतर पाऊल खाली झुकलेल्या अवस्थेत बुटात ठेवतात. मग आठवड्या-आठवड्याने कोन कमी करत आणतात. टेंडन जुळतं, ते एक काम. पण त्या काळात पोटरी वाळते. किती पटकन वाळते ते प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय पटत नाही, दोन्ही पाय शेजारी ठेवले की डोळ्यांना सरळ दिसतं. पुढचे कित्येक महिने त्या पोटरीसाठीच जातात. आम्ही एक साधी गोष्ट करायला सांगतो: एका पायावर उभं राहून टाच वर उचला. सुरुवातीला मोठमोठ्या खेळाडूंची टाच जमिनीवरून एक बोटही उचलत नाही. ज्या दिवशी ती पहिल्यांदा उचलली जाते त्या दिवशी माणसं रडतात. मी पाहिलंय.

स्पर्धात्मक खेळात परतायला साधारण नऊ महिने ते वर्ष लागतं, काहींना जास्त. त्यात टेनिसला टाचेवर भार फार. उजव्या हाताचा खेळाडू सर्व्हिस करून डाव्या पायावर उतरतो, सामन्यात शंभरदा. शिवाय अचानक थांबणं, उलट दिशेला सुटणं.

आणि एक विनंती, चाहत्यांना. 'कधी येणार?' हा प्रश्न खेळाडूला दिवसातून पन्नास वेळा विचारला जातो. माझ्याकडे येणारे अगदी हौशी खेळणारेसुद्धा या प्रश्नाने खचतात. त्याच्या पोस्टखाली काही लिहायचंच असेल तर दुसरं काहीही लिहा.

पहाटवारा

स्नायुबंध ताई, मी हेच लिहिलं होतं. 'लवकर ये, वाट बघतोय.' आत्ता जाऊन बदलते.

टाच उचलण्याचं वाचून कसंतरी झालं. पण बरंही वाटलं. निदान आता मला माहीत आहे की आज तो काय करत असेल.

आकडेमोड

मी जरा हिशोबाची बाजू मांडतो. वाट बघताना ही बाजू माहीत असली की धक्के कमी बसतात.

एटीपीची, म्हणजे पुरुष टेनिसची, क्रमवारी मागच्या ५२ आठवड्यांच्या गुणांवर चालते. होल्गरने २०२५ च्या मार्चमध्ये इंडियन वेल्सची अंतिम फेरी गाठली होती (ड्रेपरकडून हरला), त्याचे ६५० गुण. एप्रिलमध्ये बार्सिलोनाला अल्काराझला हरवून विजेतेपद, ५०० गुण. तो खेळला नाही तर हे गुण त्या त्या आठवड्यात गळून पडणार. म्हणजे वसंतात एक दिवस तुम्ही क्रमवारी उघडाल आणि तो एकदम खूप खाली दिसेल. त्या दिवशी नवीन काही वाईट घडलेलं नसेल. जुनं चांगलं फक्त मुदतीबाहेर गेलेलं असेल.

यावर उपाय म्हणून संरक्षित क्रमवारी असते. खेळाडू सहा महिने किंवा जास्त बाहेर राहिला तर तो तिच्यासाठी अर्ज करू शकतो. दुखापतीनंतरच्या पहिल्या तीन महिन्यांतल्या क्रमवारीची सरासरी काढतात आणि परतल्यावर त्या क्रमांकावर त्याला स्पर्धांमध्ये प्रवेश मिळतो. नऊ स्पर्धा किंवा नऊ महिने, जे आधी संपेल तोपर्यंत. वर्षापेक्षा जास्त बाहेर राहिला तर बारा.

पण ती फक्त प्रवेशासाठी. मानांकनासाठी, म्हणजे मोठे खेळाडू सुरुवातीलाच एकमेकांसमोर येऊ नयेत म्हणून दिल्या जाणाऱ्या क्रमांकासाठी, नाही. त्यामुळे परतलेला मोठा खेळाडू ड्रॉमध्ये बिगरमानांकित म्हणून पडतो आणि पहिल्याच फेरीत कुणीही समोर येऊ शकतो. २०२४ च्या फ्रेंच ओपनला नदाल असाच आला. चौदा वेळचा विजेता, क्रमवारीत २७५ वा, आणि पहिल्याच फेरीत चौथा मानांकित झ्वेरेव्ह. सरळ सेटमध्ये हरला. तेव्हा मला ड्रॉचा राग आला होता. पण नियम नीट वाचल्यावर पटलं: जागा राखून ठेवता येते, दर्जा पुन्हा खेळूनच सिद्ध करावा लागतो.

तात्पर्य असं की पहिल्या दोन-तीन स्पर्धांचे निकाल मनावर घेऊ नका. नऊ स्पर्धा हातात असतात, तेवढा वेळ द्या.

गवताळ

मी ग्रिगोर दिमित्रोव्हचा चाहता. २०२५ च्या विम्बल्डनची चौथी फेरी. सिनरविरुद्ध दोन सेटने पुढे. सिनर तेव्हा जगात पहिला, आणि ग्रिगोर त्या दिवशी असा खेळत होता की मी खुर्चीत बसूच शकत नव्हतो. तिसऱ्या सेटमध्ये २-२. एक सर्व्हिस केली आणि छाती धरून खाली बसला. छातीचा स्नायू.

सलग पाचव्या ग्रँडस्लॅममध्ये तो सामना अर्धवट सोडत होता. पाचव्या. प्रत्येक वेळी मला वाटायचं, आता यापेक्षा वाईट काय होणार.

सिनरने नेट ओलांडून येऊन त्याची विचारपूस केली, जाताना त्याची बॅग उचलली. पुढे सिनर ती स्पर्धा जिंकला. त्या दिवसापर्यंत मला सिनर आवडत नव्हता. अजूनही मी त्याच्या बाजूने ओरडत नाही, पण त्याचा सामना असला की बघतो. ती बॅग आठवते.

ऑक्टोबरच्या शेवटी पॅरिसला ग्रिगोर परत आला. एक सामना जिंकला. दुसऱ्याआधी माघार घेतली. पहाटवारा, तुम्ही दहा मिनिटांत बंद केलीत ना, मी त्याच स्पर्धेत तो एक सामना दोनदा पाहिला. सध्या माझ्याकडे तेवढाच आहे.

रेषेबाहेर

आले परत. सगळ्यांचं वाचलं.

मला या धाग्यावर दुसरी शक्यता मांडायची आहे, कारण ती कुणी मोठ्याने बोलत नाही. कधी कधी येत नाहीत परत.

म्हणजे थीम आला. २०२० ची यूएस ओपन त्याने झ्वेरेव्हविरुद्ध दोन सेटने मागे पडून, पाचव्या सेटच्या टायब्रेकमध्ये जिंकली होती. जून २०२१ मध्ये मायोर्काला उजवं मनगट गेलं. २०२२ च्या मार्चमध्ये तो परत खेळायला लागला. कोर्टवर तोच माणूस, तोच एकहाती बॅकहँड. फोरहँड मात्र परत आलाच नाही. वरून तसाच दिसायचा. पण पूर्वी ज्या चेंडूवर तो मागे सरकून पूर्ण ताकदीनिशी तुटून पडायचा, तिथे आता हात किंचित आखडायचा. अगदी किंचित. समालोचक म्हणायचे सूर सापडत नाहीये. मला कळायचं की हाताला आठवतंय.

मी दोन वर्षं दर आठवड्याला त्याचे सामने शोधून पाहिले, चॅलेंजर म्हणजे खालच्या स्तरावरच्या स्पर्धांचेसुद्धा. प्रत्येक चांगल्या निकालानंतर म्हणायचे, झालं, आता सुरू होईल. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये व्हिएन्नाला शेवटचा सामना खेळला आणि ३१ व्या वर्षी थांबला.

मला आज वाईट कशाचं वाटतं सांगू? त्या दोन वर्षांत मी त्याला बघितलंच नाही. मी २०२० च्या थीमची वाट बघत बसले आणि समोर जो खेळत होता त्याच्याकडे प्रत्येक वेळी 'अजून नाही' म्हणून पाहिलं. जुनी_रॅकेट यांनी तो स्लाइस बघायला शिकून घेतला. मी नाही शिकले.

पहाटवारा, अगं होल्गर अवघा २२ वर्षांचा आहे, त्याचं चांगलंच होईल. तुला घाबरवायला हे लिहिलेलं नाही.

पहाटवारा

घाबरले नाही. खूप जवळचं लिहिलंस. 'हाताला आठवतंय' हे वाक्य मी विसरणार नाही.

तटस्थ

मी पुन्हा येतोय, कारण वरचे प्रतिसाद वाचून माझ्या डोक्यात एक गोष्ट घोळते आहे. चाहत्यांच्या या प्रेमाचा खेळाडूच्या शरीरावर भार पडत नाही का?

२०२२ ची फ्रेंच ओपन घ्या. नदालने चौदावं विजेतेपद मिळवलं. डाव्या पायाला म्युलर-वाइस नावाचा हाडाचा आजार, अनेक वर्षांचा. त्या स्पर्धेत तो सामन्याआधी इंजेक्शनं घेऊन पाऊल बधिर करून खेळत होता, हे त्याने नंतर स्वतः सांगितलं. आपण सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. त्याच उन्हाळ्यात विम्बल्डनला पोटाचा स्नायू फाटलेला असताना तो फ्रिट्झशी पाच सेट खेळला. बॉक्समधून वडील आणि बहीण हाताने खुणा करत होते, सोड, थांब. त्याने ऐकलं नाही, सामना जिंकला, आणि उपांत्य फेरीतून माघार घ्यावी लागली.

त्या क्षणी स्टेडियममधली हजारो माणसं एका बाजूला आणि सख्खे वडील दुसऱ्या बाजूला होते. मी कुणाच्या बाजूला होतो, हे आठवून मला आजही बरं वाटत नाही.

जुनी_रॅकेट

तटस्थ, नाव तटस्थ घेतलंत पण तुमचा जीव चांगलाच गुंतलेला आहे. प्रतिसाद आवडला.

मी यावर खूप विचार केलाय. देल पोत्रोने २०२४ च्या शेवटी, जोकोविचबरोबरच्या निरोपाच्या प्रदर्शनी सामन्याआधी, एका व्हिडिओत आपल्या दुखण्याबद्दल मोकळेपणाने सांगितलं. साधे जिने चढताना होणारा त्रास, रोजच्या गोळ्या. ते बघितल्यावर मला पहिल्यांदा वाटलं की २०१९ नंतर मी जी 'परत ये'ची आशा धरून होतो ती कुणासाठी होती? त्याला नीट चालता यावं, हे मला आधी सुचायला हवं होतं.

पण सगळा दोष चाहत्यांवर टाकणंही बरोबर नाही. नदाल आमच्यासाठी इंजेक्शन घेत नव्हता. त्याला खेळायचं होतं. मरेला जानेवारी २०१९ मध्ये पायात मोजे-बूट घालतानाही नितंबाच्या सांध्यात वेदना व्हायच्या, पत्रकारांसमोर रडला, सगळ्यांनी निरोप दिला. त्याने सांध्यात धातू बसवून घेतला आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अँटवर्पला एकेरीचं विजेतेपद घेतलं. त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

स्नायुबंध

तटस्थ यांच्या मुद्द्याला जोडून एक. २०२५ ची ऑस्ट्रेलियन ओपन, उपांत्य फेरी. जोकोविचने पहिला सेट टायब्रेकमध्ये गमावला आणि झ्वेरेव्हशी हात मिळवून बाहेर पडला. मांडीचा स्नायू फाटला होता. प्रेक्षकांतल्या काहींनी त्याची हुर्यो उडवली. मग कोर्टवरच्या मुलाखतीत झ्वेरेव्हने आधी प्रेक्षकांना विनंती केली की दुखापतीमुळे बाहेर जाणाऱ्या खेळाडूची हुर्यो उडवू नका. त्याला हे सांगायचा अधिकार होता, २०२२ मध्ये नदालविरुद्ध पॅरिसला त्याच्या घोट्याचे अस्थिबंध फाटले होते आणि तो कुबड्या घेऊन कोर्टवर परत येऊन हात मिळवून गेला होता.

जोकोविचला दुसऱ्या दिवशी आपल्या एमआरआयचं चित्र लोकांसमोर टाकावं लागलं. मला त्याचं फार वाईट वाटलं. चोवीस ग्रँडस्लॅम जिंकलेल्या माणसाला, मला खरंच लागलंय, याचा पुरावा द्यावा लागावा?

दुहेरी

मी सानियाची. माझ्या नावावरून कळलंच असेल.

२००७ मध्ये ती एकेरीत जगात २७ वी होती. तो फोरहँड! मग २००८ मध्ये मनगट गेलं, बीजिंग ऑलिंपिकचा एकेरीचा सामना अर्धवट सोडावा लागला. मनगट, गुडघे, एकामागून एक. पुढे तिने एकेरी सोडलीच. मी तेव्हा चिडले होते, कारण दुहेरी मला बघताच यायची नाही. चौघं जण, चेंडू कुठून कुठे जातो, पॉइंट तीन फटक्यांत संपतो.

तरी तिच्यासाठी बघायला लागले. पहिले काही महिने फक्त तिच्याकडे बघायचे. मग हळूहळू नेटवर उभी असलेली काय करते ते दिसायला लागलं. पाठीमागे हात नेऊन बोटांनी खुणा करते, सर्व्हिस सुटायच्या क्षणी एक पाऊल मध्ये सरकते, कधी नुसतं सरकल्याचं भासवते. परतीचा फटका मारणारीच्या डोळ्यांत तो गोंधळ दिसायचा. मार्टिना हिंगिसबरोबर २०१५ मध्ये सानियाने विम्बल्डन आणि यूएस ओपन जिंकली, २०१६ मध्ये ऑस्ट्रेलियन ओपन, सलग ४१ सामने हरल्या नाहीत. एप्रिल २०१५ मध्ये दुहेरीत जगात पहिली. मला त्यातला प्रत्येक सामना कळत होता.

२०२३ च्या फेब्रुवारीत ती दुबईला शेवटचं खेळली. मी आजही दुहेरी बघते. पहाटवारा, तुला एकेरी बघवत नसेल तर दुहेरी लावून बघ. तिथे कुणाच्या टाचेकडे बघायला वेळच मिळत नाही.

आकडेमोड

दुहेरी यांना अनुमोदन. रोहन बोपण्णाचंही इथे आठवतं. गुडघ्यांची कूर्चा झिजलेली, तरी २०२४ ची ऑस्ट्रेलियन ओपन एब्डनबरोबर जिंकला आणि ४३ व्या वर्षी दुहेरीत जगात पहिला झाला.

पहाटवारा

चार दिवसांनी येतेय. सगळे प्रतिसाद दोन-दोनदा वाचले.

मी फोनमध्ये एक मोजणी लावून ठेवली होती, नऊ महिने धरून, रोज एक दिवस कमी व्हायचा. ती काढून टाकली. स्नायुबंध ताईंचं वाचल्यावर ती मोजणी म्हणजे त्याच्या पोटरीवर मी लावलेला तगादा वाटायला लागला.

आणि काल रात्री एक सामना लावला. चॅलेंजर स्पर्धेतला, दोन्ही खेळाडू अजिबात माहीत नव्हते, स्टेडियममध्ये मोजून तीस-चाळीस माणसं असतील. मुद्दाम अनोळखी घेतला, म्हणजे तुलना होणार नाही. त्यातल्या एकाच्या पोटरीला खालपासून वरपर्यंत निळी पट्टी होती. साहजिकच माझं लक्ष तिथेच गेलं. पहिल्या सेटमध्ये तो डावीकडच्या चेंडूंकडे धावतच नव्हता, सोडून द्यायचा. सेट २-६ गेला. मला वाटलं आता हात मिळवून बाहेर पडेल. नाही पडला. दुसऱ्या सेटपासून त्याने मागे उभं राहणंच सोडलं. बेसलाइनच्या आत येऊन चेंडू उसळताच घ्यायला लागला, म्हणजे धावावंच लागणार नाही. पॉइंट छोटे, सर्व्हिसमागून सरळ नेटवर. जुनी_रॅकेट दादा, मला तुमचा तो स्लाइस आठवला. त्या पायाने जेवढं खेळता येईल तेवढंच तो खेळत होता, आणि ते बघायला इतकं छान वाटत होतं.

कितीतरी वेळाने लक्षात आलं की मी टाच नाही, चेंडू बघतेय.

जुनी_रॅकेट

आणि मग? कोण जिंकलं?

पहाटवारा

निळी पट्टीवाला. तिसऱ्या सेटच्या टायब्रेकमध्ये, ९-७. त्याचा पुढचा सामना उद्या आहे, मी लावणार आहे. होल्गरच्या पोस्टखालची ओळही बदलली. 'लवकर ये' काढलं आणि बार्सिलोनाच्या अंतिम सामन्यात अल्काराझविरुद्ध त्याने मारलेल्या एका बॅकहँडबद्दल लिहिलं.

रेषेबाहेर

पट्टीवाल्याचं नाव काय गं? मीही लावते उद्या.